शुक्रवारचे हसू, शनिवारची जबाबदारी

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम हा व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पत्रकारितेत तीस वर्षे घालवलेला माणूस वृत्तपत्रांवर बोलेल, फार तर निवडणुकांवर बोलेल, अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु मी आज जे सांगणार आहे ते वस्तुतः वृत्तपत्रांविषयीच आहे आणि निवडणुकांविषयीही आहे. त्याकडे जाणारी वाट मात्र एका घरच्या दिवाणखान्यातून जाते.

काही वर्षांपूर्वी लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे गेलो होतो. शुक्रवारची रात्र होती. जेवणे आटोपली होती. भाचा म्हणाला, "मामा, आता अर्धा तास कुणी बोलायचे नाही. तुम्ही पत्रकार आहात, तुम्ही तर हे पाहिलेच पाहिजे." भाचा, सूनबाई आणि शाळेत जाणारा त्यांचा मुलगा असे तिघे एका ओळीत बसले. बीबीसीवर 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' हा कार्यक्रम सुरू झाला. मला निम्मे विनोद कळले नाहीत. तो चौदा वर्षांचा मुलगा मात्र प्रत्येक वाक्याला हसत होता आणि मध्येच मला समजावून सांगत होता, "आजोबा, हा अर्थमंत्री. याने मागच्या आठवड्यात असे म्हटले होते, आणि आता उलटे म्हणतो आहे." ज्या घरात वृत्तपत्र येत नव्हते, त्या घरातील शाळकरी मुलाला मंत्रिमंडळाची नावे आणि त्यांची विसंगत विधाने मुखोद्गत होती. त्या रात्री मला झोप उशिरा लागली.

कार्यक्रमाचे स्वरूप

हा कार्यक्रम सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झाला. तीन दशकांहून अधिक काळ तो चालू आहे. त्याचे मूळ रेडिओत आहे. बीबीसीच्या रेडिओ वाहिनीवर १९७७ पासून 'द न्यूज क्विझ' हा असाच कार्यक्रम होत आला आहे. रचना अगदी साधी असते. एक सूत्रसंचालक, दोन संघ, प्रत्येक संघात एक कायमचा संघनायक आणि एक पाहुणा. आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न विचारायचे, चित्रफीत दाखवून बातमी ओळखायला सांगायची, मथळ्यातील गाळलेला शब्द भरायला सांगायचा. गुण दिले जातात, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. प्रश्न हे केवळ निमित्त असते. एखाद्या घरी सत्यनारायणाच्या पूजेनंतर ज्या गप्पा रंगतात, त्या गप्पांसारखे त्याचे स्वरूप असते. मात्र गप्पा मारणारी माणसे अत्यंत तयारीची असतात.

एका बाजूला इयान हिस्लॉप. हे १९८६ पासून 'प्रायव्हेट आय' या उपहासात्मक पाक्षिकाचे संपादक. १९६१ साली निघालेले हे पाक्षिक सत्ताधाऱ्यांची बिंगे फोडण्यासाठी आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यासाठी प्रसिद्ध आहे. १९८९ मध्ये एका बदनामीच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध सहा लाख पौंडांची भरपाई ठोठावण्यात आली होती. पुढे अपिलात ती रक्कम बरीच खाली आली. दुसऱ्या बाजूला पॉल मर्टन. यांचा पिंड निखळ विनोदी कलावंताचा. एक बातमीच्या मुळाशी जाणारा, तर दुसरा त्याच बातमीला कल्पनेचे पंख लावणारा. या दोघांच्या परस्परपूरक स्वभावावर या कार्यक्रमाचा डोलारा उभा आहे.

आकर्षण कशाचे?

लोकांना यात एवढे काय आवडते? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, हा कार्यक्रम माहिती असणाऱ्याला बक्षीस देतो. बातमी ठाऊक नसेल तर विनोद कळत नाही, आणि शेजारी बसलेला हसत असताना आपण कोरडे राहिलो, ही गोष्ट कुणालाच आवडत नाही. भाच्याच्या मुलाने मंत्र्यांची नावे पाठ केली ती परीक्षेसाठी नव्हे, तर घरच्यांबरोबर हसता यावे म्हणून. ज्ञानाची गोडी लावण्याचा हा मार्ग आपल्या कीर्तनकारांना केव्हापासून ठाऊक आहे.

दुसरे कारण, येथे सत्ता खुर्चीवरून खाली उतरते. १९९३ मधील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मजूर पक्षाचे माजी उपनेते रॉय हॅटर्सले यांनी पाहुणे म्हणून येण्याचे मान्य केले आणि ऐन वेळी तिसऱ्यांदा नकार कळवला. निर्मात्यांनी दुसरा पाहुणा शोधला नाही. त्यांच्या खुर्चीसमोर चरबीचा एक डबा ठेवला, त्याची पाहुणा म्हणून ओळख करून दिली आणि कार्यक्रम पार पाडला. कुणी निषेधाचे पत्रक काढले नाही, कुणी दगड उचलला नाही. दिलेला शब्द मोडणाऱ्या नेत्याला एवढी परिणामकारक शिक्षा दुसरी कोणती असू शकेल?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या हास्याला मर्यादा आहे. गुरुवारी चित्रण होते, शुक्रवारी प्रक्षेपण होते, आणि मधल्या काळात वकिलांची नजर त्यावरून फिरते. संशयित गोष्ट बोलताना 'असा आरोप आहे' या अर्थाचा एक शब्द ही मंडळी इतक्या वेळा वापरत आली, की तो शब्दच एक विनोद होऊन बसला. आपल्या मराठीतील 'म्हणे' हा शब्द नेमके तेच काम करतो. 'साहेब प्रामाणिक आहेत, म्हणे!' यात सारे काही आले.

आणि ही मंडळी स्वतःलाही सोडत नाहीत. आरंभापासूनचे सूत्रसंचालक अँगस डेटन यांच्या खासगी आयुष्याविषयी २००२ मध्ये वृत्तपत्रांतून प्रकरणे छापून आली, तेव्हा त्यांच्याच कार्यक्रमात, त्यांच्याच तोंडावर, दोन्ही संघनायकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना जावे लागले. दुसऱ्यांना जो मापदंड लावायचा तो घरच्यालाही लावायचा, ही शिस्त उपहासाला नैतिक अधिकार देते. तेव्हापासून दर आठवड्याला नवा सूत्रसंचालक असतो.

नाण्याची दुसरी बाजू

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की हा गृहस्थ त्या कार्यक्रमाच्या प्रेमात पडून आला आहे. तसे नाही. तीच खरी अडचण मला आपल्यापुढे मांडायची आहे.

१९९८ मध्ये या कार्यक्रमात एक पत्रकार पाहुणा म्हणून आला. विस्कटलेले केस, अडखळते बोलणे, सदैव गोंधळलेला चेहरा. हिस्लॉप यांनी त्याच्या एका जुन्या, अडचणीच्या दूरध्वनी-संभाषणाचा विषय काढून त्याला चांगलेच कोंडीत पकडले. प्रेक्षक खूप हसले, आणि गंमत अशी की, त्यांना तो माणूस आवडला! तो पुन्हा आला, पुढे सूत्रसंचालकाच्या खुर्चीवरही बसला. या माणसाचे नाव बोरिस जॉन्सन. २००१ मध्ये खासदार, २००८ मध्ये लंडनचे महापौर आणि २०१९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान. २०२२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या दबावामुळे त्यांना ते पद सोडावे लागले.

जॉन्सन यांचे राजकारण चांगले की वाईट, हा आजचा प्रश्न नाही. तो ब्रिटिश मतदारांचा प्रश्न आहे. प्रश्न असा आहे की, ज्या हास्याने त्यांना जाब विचारायचा, त्याच हास्याने त्यांना लोकप्रियतेची शिडी लावून दिली का? कादंबरीकार जोनाथन को यांनी २०१३ मध्ये, म्हणजे जॉन्सन पंतप्रधान होण्याच्या सहा वर्षे आधी, एका लेखात हाच मुद्दा मांडला होता. जो माणूस स्वतःवर आधीच हसून मोकळा होतो, त्याच्यावर उपहासाचे शस्त्र चालत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

हे वाचताना मला माझेच एक जुने पाप आठवले. तरुणपणी एका जिल्हा दैनिकात मी 'चिमटे' काढणारे सदर लिहीत असे. आमच्या गावचा एक नगरसेवक माझे आवडते गिऱ्हाईक होता. त्याची भाषणे, त्याचे जॅकेट, त्याने उद्घाटन केलेली आणि महिन्याभरात फुटलेली जलवाहिनी, काही म्हणून मी सोडले नाही. वाचक खूश होते, मीही खूश होतो. निवडणूक झाली आणि तो पूर्वीपेक्षा अधिक मतांनी निवडून आला. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन तो कार्यालयात आला. म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे घराघरांत नाव पोचले. असेच लिहीत राहा." तो पेढा मी खाल्ला, पण घशाखाली उतरला नाही. जलवाहिनी का फुटली, ठेका कुणाला मिळाला, देयक कुणी मंजूर केले, यावर एक साधी, कोरडी, विनोदरहित बातमी मी लिहायला हवी होती. ती मी लिहिली नव्हती. जॅकेटवर लिहिणे सोपे होते.

हास्य आणि शासन

ब्रिटनमध्ये ही चिंता जुनीच आहे. १९६२ मध्ये बीबीसीने 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा उपहासात्मक कार्यक्रम सुरू केला आणि १९६३ च्या अखेरीस, पुढचे वर्ष निवडणुकीचे आहे या कारणाने, तो बंदही केला. त्याच काळात लंडनमध्ये उपहासाचे रंगगृह काढणारे विनोदवीर पीटर कुक खवचटपणे म्हणत, की बर्लिनच्या ज्या रंगगृहांनी हिटलरचा उदय रोखण्यासाठी एवढे केले, त्यांच्यावरून आपण हे बेतले आहे! त्या एका वाक्यात उपहासाच्या मर्यादेवरचे सारे भाष्य आले. दुसरीकडे सत्तेलाही हास्याची भीती वाटते, हे विसरता येत नाही. संसदेच्या कामकाजाचे चित्रण उपहासात्मक कार्यक्रमांत वापरण्यास तेथे मनाई होती. त्यामुळे २०११ मध्ये 'द डेली शो' या अमेरिकन कार्यक्रमाचा एक भाग ब्रिटनमध्ये दाखवला गेला नाही. आपल्याकडेही आणीबाणीच्या वर्षी, १९७५ मध्ये, 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्र साप्ताहिक बंद झाले, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल.

मग हास्य निरुपयोगी की धोकादायक? माझ्या मते दोन्ही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. म्हणजे हसावे की नाही हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींना पडलाच नाही. कसे हसावे, हा प्रश्न त्यांना पडला. आणि आपल्या संस्कृत नाटकांत राजाच्या शेजारी विदूषक असतो. कालिदासाचा माढव्य दुष्यंताला मनमोकळेपणाने चिमटे काढतो. परंतु नाटक विदूषकाच्या विनोदावर संपत नाही. राजाला उठून राजाचे काम करावेच लागते.

लोकशाहीत हा राजा कोण? मंत्री नव्हे, श्रोतेहो. शुक्रवारी रात्री सोफ्यावर बसून हसणारा तो नागरिक राजा आहे. विदूषकाने आपले काम चोख केले. आता राजाने आपले करायचे आहे. हसून मन हलके झाले आणि त्यालाच आपण कर्तव्यपूर्ती समजलो, तर दोष विदूषकाचा नाही.

भाच्याकडून निघण्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मी त्या मुलाला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि एक वृत्तपत्र विकत घेतले. रात्री ज्या मंत्र्यावर तो पोट धरून हसला होता, त्याची मूळ बातमी आम्ही दोघांनी मिळून वाचली. लांबलचक होती, आकडे होते, थोडी कंटाळवाणीही होती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, हे एवढे काही गमतीचे नाही." मी म्हणालो, "नाहीच. म्हणून तर वाचायचे."

आपल्या घरीही आता छोट्या पडद्यावर आणि मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर राजकीय विनोदांचा पूर आहे. मुलांना हसू द्या, त्यांच्याबरोबर आपणही हसा. फक्त हसून झाल्यावर एक प्रश्न विचारण्याची सवय घरात लावा: मूळ बातमी काय होती?