प्रकाश हवा, ताप नको



काचेच्या टाकीत समुद्राचा एक लहानसा तुकडा जिवंत ठेवायचा, त्याच्यावर सूर्यासारखा प्रखर दिवा लावायचा आणि तरीही पाणी तापू द्यायचे नाही, हे कसे साधतात ते आज आपल्याला पाहायचे आहे. कोणी म्हणेल, "हा शहरातल्या हौशी माणसांचा नाद. आम्हां खेड्यातल्या लोकांना त्याचे काय?" पण थोडे थांबा. ह्या टाकीचे जे दुखणे आहे, त्याचे औषध आपल्या घरातल्या माठात आहे. आणि टाकीत जे शिकायला मिळते, ते मालवणपासून लक्षद्वीपपर्यंतच्या समुद्राला लागू पडते.

ह्या टाकीत मुख्य पाहुणा असतो तो प्रवाळ. पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतला तांबडा खडा आठवतो. उथळ आणि उबदार समुद्रात बेटे उभारणारे प्रवाळ हे त्याचेच भाऊबंद. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते; चुन्याचे घर बांधून ते त्यात राहतात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे एकपेशी शैवाळ वस्तीला असते. प्रवाळाने जागा द्यायची, शैवाळाने प्रकाशावर अन्न पिकवून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला द्यायचा, असा हा अर्धेलीच्या शेतीसारखा करार आहे. प्रवाळाचे रंगही बरेचसे ह्या शैवाळामुळेच.

आता शेती म्हटली की ऊन आलेच. इंडोनेशियातील ली चिन एंग ह्या गृहस्थांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर समुद्री टाक्या चालवून दाखवल्या आणि १९६१ साली त्यांची पद्धत छापून प्रसिद्ध झाली. पण बंद खोलीत सूर्य कुठून आणायचा? म्हणून तिथे मेटल हॅलाइडचे २५० किंवा ४०० वॅटचे दिवे आले. प्रकाश मिळाला, पण त्याच्या पाठोपाठ ताप आला.

हा ताप किती, ते हिशेबाने पाहू. टाकीत २०० लिटर पाणी आहे आणि वर २५० वॅटचे दोन दिवे आहेत. समजा, त्यांची निम्मीच उष्णता पाण्यात उतरली. तेवढ्यानेसुद्धा, ती बाहेर पडायला वाट नसेल तर, पाणी तासाला सुमारे एक अंशाने चढत जाईल. सकाळी २६ अंश असलेले पाणी दुपारपर्यंत ३० च्या पुढे जाईल. आपल्याला आंघोळीला ते गारच वाटेल हो! पण अशा टाकीचे पाणी साधारणपणे २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवतात. पाणी तापले की शैवाळाची अन्न करण्याची यंत्रणा बिघडते. बिघडलेल्या यंत्रावर दिवा तळपतच राहिला, तर त्यातून प्रवाळाला अपायकारक द्रव्ये तयार होऊ लागतात. मग प्रवाळ आपल्या कुळाला घराबाहेर काढतो. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसू लागतो. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो, पण उपाशी पडलेला असतो. शिवाय ३० अंशांच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक षष्ठांशाने कमी विरघळतो. म्हणजे माशांचाही जीव कासावीस.

तेव्हा करायचे काय? इथे आपला माठ मदतीला येतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीवरचे काचेचे झाकण काढायचे, मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून जाळी घालायची आणि पाण्यावरून एक लहान पंखा आडवा वारा घालीत ठेवायचा. एवढेच. २०० लिटरांतले एक लिटर, म्हणजे एक मोठा तांब्याभर पाणी वाफ होऊन गेले, तर ते उरलेल्या पाण्यातली जवळजवळ तीन अंशांची उष्णता नेऊ शकते. आपल्या दोन दिव्यांची आठ तासांची उष्णता काढायला तीन लिटर पाणी पुरते.

मात्र ह्यात एक गोम आहे. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. रोज तीन लिटर पाणी उडत राहिले आणि आपण स्वस्थ बसलो, तर आठवड्यात ते प्रमाण ३९ ग्रॅमवर जाईल. म्हणून रोज जेवढे पाणी उडाले तेवढे भरायचे, आणि तेही खारे नव्हे, गोडे, स्वच्छ केलेले पाणी! खारे भरले तर मिठात मिठाचीच भर. पाण्याबरोबर जमिनीत आलेले क्षार वर साचून रान कसे चोपण होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्या शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी मर्यादा हवेची. ज्या दिवशी दांडीवरचा पंचा लवकर वाळतो, त्या दिवशी टाकीवरचा पंखा चांगले काम करतो. विदर्भात वैशाखात तो उत्तम चालेल. कोकणात आषाढात हवेला आणखी पाणी नकोच असते, तिथे तो हात टेकील. मग चिलर नावाचे यंत्र लावावे लागते. हे यंत्र फ्रिजसारखेच. पण ते उष्णता नाहीशी करीत नाही, फक्त उचलून दुसरीकडे टाकते. ते त्याच बंद खोलीत ठेवले, तर काढलेली उष्णता आणि यंत्राची स्वतःची उष्णता मिळून खोली तापवणार, आणि खोली पुन्हा टाकीला तापवणार. त्याचे तोंड खोलीबाहेर हवे.

यंत्र विकत घेण्याआधी करण्यासारख्या साध्या गोष्टीही आहेत. दिवा पाण्यापासून थोडा उंच टांगावा. पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच जाते, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप ठेवू नये. एल.ई.डी. दिवे कमी विजेत तेवढा प्रकाश देतात आणि त्यांची बरीच उष्णता पाठीमागच्या धातूच्या पट्ट्यांतून वर निघून जाते. पण जो प्रकाश पाण्यात शिरून शोषला जातो, त्याची शेवटी उष्णताच होते, हे विसरू नये. टाकीचा दिवस संध्याकाळी सुरू करून रात्री संपवला तरी चालतो. प्रवाळाला आठ-दहा तास उजेड आणि मग नेमाने अंधार मिळाला की पुरे. आपल्या घड्याळाशी त्याला कर्तव्य नाही.

आणि एवढे करूनही पाणी तापलेच तर? पहिले काम दिवा विझवणे. उष्णता आणि प्रकाश ही दोन्ही एकत्र आली म्हणजे अधिक घात होतो. तापलेल्या प्रवाळाला अंधार हेच पहिले औषध. त्यानंतर बर्फ केलेली बंद बाटली पाण्यात सोडून हळूहळू निववावे. मोकळा बर्फ टाकला तर पाणी अळणी होते, आणि एकदम गार केले तर त्याचाही धक्का बसतो.

श्रोतेहो, टाकीला पंखा लावता येतो, दिवा विझवता येतो. समुद्राचे काय? आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते आहे, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून एखादाच अंश अधिक ताप काही आठवडे टिकला, तर तिथले प्रवाळ पांढरे पडू लागतात. त्यातून वारा पडलेला असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर तापात प्रकाशाची भर पडते. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ साली झाले, २०१० साली झाले, २०१६ साली झाले आणि २०२४ सालीही झाले. दोन आजारपणांच्या मध्ये अंग धरायला जो अवकाश लागतो, तोच आता पुरेसा मिळत नाही. आणि ही बेटे प्रवाळांनीच बांधलेली आहेत. प्रवाळाची भिंत खचली, तर लाटा अडवायला तिथे दुसरे कोण आहे?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. ह्या धड्यासाठी प्रवाळ आणू नका. आपल्या समुद्रातील हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणे गुन्हा आहे. दोन सारखी पातेली घ्या. दोहोंत दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी सारखेच भरा. एकावर झाकण ठेवा, दुसरे उघडे ठेवून त्यावर पंखा लावा. दर तासाला तापमापक आणि पट्टी घेऊन मुलांना आकडे लिहू द्या. कुठले पाणी निवले, कुठले घटले, आणि घटलेल्या पाण्यात कोणते पाणी घालायचे, ह्याची उत्तरे मुलेच देतील. मग त्यांना हळूच विचारा, "समुद्र तापला, तर त्याला वारा कोण घालणार?" त्या प्रश्नाचे उत्तर पातेल्यात सापडणार नाही. ते आपण किती जाळतो आणि किती वाचवतो, ह्यात शोधावे लागेल. पण प्रश्न एकदा मुलांच्या मनात पडला, म्हणजे निम्मे काम झाले असे समजा.