दिवा गावाचा, तर हिशेबही गावाचा
(ग्रामसभा मेळाव्यात केलेली मांडणी)



सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर पहिल्यांदा सोलर आलं, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. ठेकेदाराची माणसं आली, घराघरावर प्लेट ठोकली, फोटो काढले, गेली. बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं, हेसुद्धा कोणी सांगितलं नाही. कोणी विहिरीचं पाणी घातलं, कोणी काहीच घातलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात दिवे गेले. तक्रार घेऊन गेलो, तर कागदावर आमच्या पाड्यात उजेड होता! घरी येऊन आम्ही चिमणी पेटवली.

ठेकेदार चुकलाच. पण तो दिवा आम्हीही आपला मानला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आपल्याच धडगाव तालुक्यात बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर 15 किलोवॅटचं वीजकेंद्र उभं केलं. 2003 साली घरात दिवे लागले. ते केंद्र लोकांच्या हातून बिघडलं नाही. 2006 साली सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालं. म्हणजे वीज आपण चालवू शकतो. पण जमिनीवर आपला हक्क चालला नाही, तर वीजही जाते.

आता पाड्यासाठी मोठं सोलर केंद्र देऊ म्हणतात. जागा वनजमिनीची. सही मागायला येतील. घाई करू नका. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, रस्ता यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जाही आहे. जागा एक हेक्टरच्या आत, झाडतोड हेक्टरी 75 पेक्षा जास्त नाही, आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. मग शिफारस देतानाच आपल्या अटी ठरावात लिहू:

1. जागा ग्रामसभा दाखवेल. सावली नको, देवाची जागा नको.
2. पाड्यातली एक पोरगी आणि एक पोरगा दुरुस्ती शिकतील. तोवर काम पूर्ण झालं अशी सही नाही.
3. पैशाची वही बायांच्या गटाकडे. हिशेब दर ग्रामसभेत वाचायचा.

बॅटरी कधीतरी मरतेच. 40 घरांनी महिना 30 रुपये टाकले, तर वर्षाला 14,400 जमतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने प्लेटा पुसाव्या, कुंपण बांधावं. दिवा मात्र कोणाचा तोडायचा नाही.

पुढच्या बैठकीला ठरावाची वही घेऊन या. अंगठा द्यायच्या आधी ठराव मोठ्याने वाचून घ्या, आपल्या बोलीत.

आमु आखा एक से!