दारूबंदी उठली, कोर्ट काय तपासतं?

मैत्रिणींनो, मघाशी एका बाईंनी विचारलं, "आपल्या जिल्ह्यातली २०१५ची दारूबंदी सरकारनं २०२१ला उठवली. घटनेच्या ४७व्या कलमात दारूबंदी आहे ना? मग कोर्ट ती परत का आणत नाही?"

मलाही आशा होती. पण ४७वं कलम मार्गदर्शक तत्त्व. कोर्टाकरवी ते अमलात आणता येत नाही, असं ३७वं कलमच सांगतं. दारूविक्री मूलभूत हक्क नाही, हा सुप्रीम कोर्टाचा १९९४चा खोडे निकाल दुकानदाराविरुद्ध चालतो, सरकारविरुद्ध नाही. धोरण चांगलं की वाईट, यात कोर्ट सहसा शिरत नाही. सरकारला अधिकार होता का, निर्णय मनमानी आहे का, हे बघतं. म्हणून "नवरे पुन्हा प्यायला लागले" एवढं लिहून भागणार नाही. माहितीच्या अधिकारात फाईल मागा. निर्णयाआधी झा समिती बसली होती; तिच्यापुढे गोंडपिपरीच्या किती बाया बोलल्या?