वीटभट्टीवरील मूल आणि त्याची शाळा



ओडिशाच्या पश्चिमेकडील बोलांगीर आणि नुआपाडा या जिल्ह्यांत भाद्रपदात नुआखाईचा सण होतो. नव्या तांदळाचा नैवेद्य झाल्यावर काही आठवड्यांतच, मुकादमाकडून उचल घेतलेली कित्येक कुटुंबे तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील वीटभट्ट्यांकडे निघतात. परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर.

या कामात मजूर एकेकटा मोजीत नाहीत. एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल मिळून होणाऱ्या गटाला ‘पथुरिया’ असे नाव आहे. बीडच्या ऊसतोडणीत पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. येथे मूलही उघडपणे हिशेबात धरलेले आहे. विटा उलटविणे, वाळलेल्या उचलून रचणे ही त्याची कामे होत. अशा मुलाला शाळेत पाठवा असे सांगणे म्हणजे त्या कुटुंबाकडे उचलीचा एक हिस्सा परत मागण्यासारखेच आहे.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. हे मोठेच पाऊल होते, आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु त्याच कायद्यात शिक्षणाचे माध्यम ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असावे, असे म्हटले आहे; आणि या मुलाची अडचण नेमकी तेथेच आहे. घरी तो संबलपुरी बोलतो. गावच्या शाळेतील पुस्तकी ओडियाही त्याला थोडी परकीच. भट्टीजवळच्या सरकारी शाळेत तर तेलुगू भाषा आणि तेलुगू लिपी! नाव पटावर चढते, परंतु मूल वर्गात मुकाट बसून राहते.

काही भट्ट्यांवर ओडिया वर्ग निघाले, हे खरे. ओडिशात हंगामी वसतिगृहेही आहेत, आणि तेथे राहणाऱ्या मुलाची गावची शाळा तुटत नाही. तथापि धाकटे भावंड सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी आईबाप मागे ठेवतीलच असे नाही. भट्टीवर तान्ह्याला कोण घेणार?

ती आलीच, तर तेथील शिक्षकाने पहिल्या दिवशी तिला दाखला विचारू नये. गावी पुस्तक कोणत्या पानावर मिटले, ते विचारावे. आणि तेही तिला कळेल अशा भाषेत.