पेडर रोडचा चढ

जानेवारीतला रविवार, पहाटेचा अंधार आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी उसळलेली गर्दी. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये बक्षिसासाठी धावणारे मोजकेच. बाकी बँकेतले, शाळेतले, दुकानातले, निव्वळ हौसेने आलेले.

पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. कस लागतो तो साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, तिथे संपत येते. पाय शिशाचे होतात आणि परतीच्या वाटेवर नेमका पेडर रोडचा चढ समोर उभा! एरवी टॅक्सीतून जाताना तो जाणवतही नाही. अशा वेळी कडेला उभं राहून संत्र्याची फोड पुढे करणारं अनोळखी पोर देवासारखं वाटतं.

त्याआधी कित्येक महिने साडेचारचा गजर आणि घरच्यांची बोलणी असतातच. महागडं घड्याळ नसलं तरी चालतं, बूट मात्र मापाचे हवेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी महिनाभर भरभर चालावं. मग सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळावं. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करा.