नवे डॉक्टर, जुनी गोळी

वर्षानुवर्षें एकाच डॉक्टरांचें औषध घेऊन ज्याचें मन ठिकाणावर राहिलें, त्याला ते डॉक्टर निवृत्त झाल्याचें कळतांच पायांखालची वाळू सरकल्यासारखें वाटतें. माढ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं ही अडचण दुणावते. सोलापुरास मनोविकारतज्ज्ञांकडे जावयाचें म्हणजे गाडीभाडें, बुडालेला रोज आणि सोबतीस एक माणूस. जुने डॉक्टर घरचा सारा इतिहास जाणत. नवे डॉक्टर मात्र म्हणतात, "वेळ ठरवून या, रक्त तपासून आणा, पाहिल्यावांचून चिठ्ठी मिळणार नाहीं." रुग्णास हा अपमान वाटतो. तो रागानें घरीं परततो आणि गोळीच बंद करतो. खरा धोका येथेंच आहे.

लिथियमचें उदाहरण घ्यावें. 1949 सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं उन्मादावर त्याचा गुण येतो असें प्रसिद्ध केलें. परंतु त्याच्या हितकर आणि विषारी प्रमाणांत अंतर फार थोडें. म्हणून शेवटच्या गोळीनंतर सुमारें 12 तासांनीं रक्त तपासावें लागतें. सोलापुरी उन्हाळ्यांत फार घाम गेला, जुलाब झाले, किंवा अंगदुखीवर परस्पर आयब्युप्रोफेन घेतलें, तरी रक्तांतील लिथियम वाढूं शकतें. हात अधिक कांपणें, तोल जाणें, ओकाऱ्या होणें हीं त्याचीं चिन्हें होत.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांची संवय जडते, आणि दीर्घकाळ घेऊन एकाएकीं सोडल्यास झटकेही येऊं शकतात. मार्च 2014 पासून या गोळीच्या विक्रीची नोंद दुकानदारास वेगळ्या वहींत ठेवून ती वही 3 वर्षें जपावी लागते. 2020 च्या नियमांनीं तिची चिठ्ठी दूरध्वनीवरून देण्यास मनाई केली. तेव्हां नव्या डॉक्टरांचा आग्रह म्हणजे केवळ ताठा नव्हे.

तथापि सारें कर्तव्य रुग्णाचेंच आहे असेंही नाहीं. मे 2018 मध्यें अमलांत आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रुग्णास आपल्या उपचारांची माहिती व कागदपत्रें मागण्याचा हक्क दिला आहे. नियमाचें कारण समजावून सांगणें आणि दुरून येणाऱ्याची वेळ सांभाळणें हें डॉक्टरांनाही शोभतें.

म्हणून, श्रोतेहो, जुन्या डॉक्टरांकडून औषधांचीं नांवें, मात्रा आणि पूर्वीं न मानवलेलीं औषधें लिहून घ्यावीं. गोळ्या संपण्याच्या दोन आठवडे आधीं वेळ ठरवावी. गाडी चुकल्यास काय, मध्येंच गोळ्या संपल्यास काय, हें पहिल्याच भेटींत विचारून ठेवावें. मन फारच अस्वस्थ झालें, तर ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें.

डॉक्टर बदलतील, नियमही बदलतील. औषध बदलावयाचें किंवा थांबवावयाचें, तर तें विचारानें व सल्ल्यानें. रागाच्या भरांत कदापि नव्हे.