फेफरे आणि मेंदूतील सौम्य गाठ
(बेलूर येथील महाजन मेळाव्यातील व्याख्यान)



फेफऱ्याचे नाव आपल्या समाजात आजही दबल्या आवाजात घेतले जाते. मुलास ते असल्याचे ध्यानी आले की आधी देवाला कौल लावतात, मग नवस होतो, आणि डॉक्टरांची पायरी शेवटी चढतात. कौलाने मनास धीर येतो, हे खरे. परंतु त्यात जाणारी वर्षे मुलाच्या शिक्षणाची व वाढीची असतात.

हातपाय झाडीत पडणे व तोंडास फेस येणे एवढेच फेफऱ्याचे रूप नव्हे. ऐन आरतीत मूल एकटक पाहू लागते, ओठ चघळते, अंगावरचे वस्त्र चाचपते, हाकेस ओ देत नाही. क्षणभराने पूर्ववत् होते. घरची मंडळी हात जोडतात! हाही मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा बिघाडच असू शकतो.

बहुतेक रुग्णांच्या मेंदूत गाठ नसते. काहींच्या मात्र असते, आणि ती कर्करोगाची नसते. १८७९ साली ग्लासगो येथे विल्यम मॅकेवन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या उजव्या चेहऱ्याचे व हाताचे झटके पाहून, क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता त्या काळी, डाव्या बाजूच्या गाठीचे स्थान ताडले व ती काढली. मुलगी पुढे आठ वर्षे जगली. १९८८ मध्ये पॅरिसच्या कॅथरीन दोमा-द्युपोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३९ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणारे त्यांचे झटके विशीच्या आत सुरू झाले होते. मेंदूच्या वरच्या थरातील त्या गाठीस ‘डीएनईटी’ हे नाव मिळाले. ती सहसा वाढत नाही, जिवावरही बेतत नाही. परंतु भोवतालच्या पेशींना चेतवीत राहते. तिला सौम्य म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने. ती काढल्यावर पुष्कळांचे झटके थांबतात.

यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्येच मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून फेफऱ्यावरील शस्त्रक्रिया होतात. बंगळूरला निम्हान्स आहे. बेलूरकरांनी आधी धारवाड-हुबळीच्या मेंदूविकारतज्ज्ञास दाखवावे. नीट निवडलेली दोन औषधे नियमित घेऊनही झटके थांबले नाहीत, तर शस्त्रक्रियेविषयी विचारावे. साध्या एमआरआयमध्ये बारीक गाठ निसटू शकते. फेफऱ्यासाठीची विशेष तपासणी वेगळी असते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

राहिला विवाहाचा प्रश्न. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात फेफरे ही विवाहास बाधा ठरली होती. १९९९ मध्ये तो शब्द वगळण्यात आला. आपल्याकडे पत्रिका जुळविताना मात्र तो अद्याप लपविला जातो. मग नव्या सुनेस गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, चुकतात, आणि झटका येतो. शिवाय व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भास अपायकारक असल्याने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागते. सासरी कोणास ठाऊकच नसेल, तर त्या मुलीस वेळेवर डॉक्टरांकडे नेणार कोण?